हायब्रिड गाडी घेऊ का? फरकाचे पैसे किती किलोमीटरमध्ये वसूल होतात, ते आधी काढा



मागच्या व्हिडिओत आपण धंद्यासाठी गाडी घेण्याचा विषय घेतला आणि त्याखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "दादा, हायब्रिड घेऊ का? शोरूमवाला २८ चं अ‍ॅव्हरेज सांगतोय." त्यातल्या दोघांशी मी फोनवर सविस्तर बोललो. एक भाऊ कोल्हापूरचे, हार्डवेअर आणि पाइप-फिटिंगचं दुकान. दुसऱ्या ताई कल्याणच्या, मॉड्युलर किचनची कामं घेतात. दोघंही एकाच प्रकारची गाडी बघत होते, दोघांचं बजेट साधारण सारखंच. भावांना मी "थांबा" म्हटलं, ताईंना "घ्या" म्हटलं. असं का, तो हिशोब व्हिडिओत बोर्डवर पटापट झाला. इथे सावकाश करू. शेजारी वही आणि कॅल्क्युलेटर ठेवा.

आधी विचारा, कोणती हायब्रिड?

आपल्याकडे 'हायब्रिड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात. एक 'माइल्ड' हायब्रिड. यात एक छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते. पण गाडी एकट्या मोटरवर चालत नाही. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये हे आणलं, तेव्हापासून मागच्या दारावर तसा बिल्ला असलेल्या गाड्या आपण बघतोय. दुसरी 'स्ट्राँग' हायब्रिड. यात मोटर एकटी गाडी ओढू शकते, इंजिन पूर्ण बंद असतानाही. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली ती या जातीची. आपल्याकडे मध्यम किमतीत ही खऱ्या अर्थाने २०२२ मध्ये आली: होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा.

गंमत बघा, ग्रँड विटारा जेव्हा आली तेव्हा एकाच नावाखाली दोन्ही प्रकार होते. माइल्ड मॅन्युअलचं कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज २१.११ आणि स्ट्राँगचं २७.९७. म्हणजे शोरूममध्ये कोणी २८ म्हणाला की पहिला प्रश्न हा, की हे माझ्या बजेटमधल्या व्हेरिएंटचं आहे की वरच्या? आज आपण बोलतोय ते फक्त स्ट्राँगबद्दल.

पैसे वाचतात कुठे?

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही गाडी चार्जरला लावायची नसते, म्हणजे तिला लागणारी सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. तिची बॅटरीही लहान असते. हायरायडर-ग्रँड विटारामध्ये ती पाऊण युनिटच्या आसपास आहे. इलेक्ट्रिक गाडीत ती ३०-४० युनिटची किंवा त्याहून मोठी असते. मग बचत येते कुठून? तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा साध्या गाडीत तो वेग ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता होऊन वाया जातो. इथे मोटर जनरेटरसारखी काम करून त्यातला काही भाग वीज म्हणून बॅटरीत ठेवते. मग ट्रॅफिकमध्ये पुढची वीस-पन्नास पावलं सरकायला इंजिन लागतच नाही, ती वीज वापरली जाते. शिवाय इंजिन जिथे सगळ्यात जास्त पेट्रोल पितं, म्हणजे थांबलेलं असताना आणि रांगत असताना, नेमकं तिथे ते बंद असतं.

आता हायवेवर या. सातारा सोडलं, गाडी ८०-९० वर लागली. ब्रेक कमी, थांबणं नाही. साधी पेट्रोल गाडीसुद्धा इथे चांगलं अ‍ॅव्हरेज देते. हायब्रिडचा फायदा शून्य होत नाही, पण आकसतो. म्हणून "महिन्याला किती किलोमीटर?" एवढं विचारून भागत नाही. ते किलोमीटर कुठले, हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता आकडे

मी पुढे जे आकडे धरतोय ते उदाहरणासाठी आहेत. तुमच्या शहराचा भाव आणि तुमच्या कोटेशनमधले आकडे टाका.

पेट्रोल १०४ रुपये लिटर. साधी पेट्रोल गाडी शहरात १४ देते, हायब्रिड २२. (२७.९७ हा कंपनीने जाहीर केलेला, चाचणीतला आकडा आहे. शोरूमचा आकडा जसाच्या तसा धरून हप्ता ठरवू नका.)

साधी गाडी: १०४ भागिले १४, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये ४३ पैसे.
हायब्रिड: १०४ भागिले २२, म्हणजे ४ रुपये ७३ पैसे.
बचत: किलोमीटरला २ रुपये ७० पैसे.

आता फरकाचे पैसे. हा शब्द आजच्या धड्याचा कणा आहे. गाडी १८ लाखांची की २० लाखांची, हा आत्ता आपला प्रश्न नाही. तुम्ही गाडी घेणारच आहात. प्रश्न एवढाच, की हायब्रिड घेतली म्हणून जास्तीचे किती गेले? तेही ऑन-रोड. कारण किंमत वाढली की रस्ता कर आणि विमाही वाढतो. समजा हा फरक अडीच लाख आहे.

२,५०,००० भागिले २.७०. आलं ९२,५९३ किलोमीटर. म्हणजे एवढं शहरातलं रनिंग झालं की फरक फिटला, त्यानंतरची बचत तुमची. महिन्याला १,००० किलोमीटर असेल तर पावणेआठ वर्षं. महिन्याला २,५०० असेल तर तीन वर्षं आणि एक महिना.

हेच हायवेला करून बघा. साधी गाडी १८, हायब्रिड २२ धरली तर बचत किलोमीटरला फक्त १ रुपया ५ पैसे. फरक वसूल व्हायला जवळजवळ २ लाख ३८ हजार किलोमीटर. तोपर्यंत बहुतेक लोकांनी गाडी विकलेली असते.

तीच गाडी, तेच फरकाचे पैसे, आणि उत्तर अडीच पटीने बदललं. शोरूमवाला हे सांगणार नाही असं नाही, पण त्याला तुमचा रस्ता माहीत नाही.

कर्ज असेल तर असं बघा

बरेच जण फरकही कर्जातच टाकतात. अडीच लाख, ९ टक्के, पाच वर्षं: जास्तीचा हप्ता साधारण ५,१९० रुपये. पाच वर्षांत ३ लाख ११ हजारांच्या वर जातात, म्हणजे ६१ हजार तर व्याजच.

इथे एक सोपी चाचणी आहे. जास्तीचा हप्ता भागिले किलोमीटरमागची बचत. ५,१९० भागिले २.७०, आलं सुमारे १,९२०. महिन्याला शहरात १,९२० किलोमीटरपेक्षा जास्त फिरत असाल तर गाडी पहिल्या महिन्यापासून स्वतःचा जास्तीचा हप्ता स्वतः भरते. कमी फिरत असाल तर पाच वर्षं तो फरक गल्ल्यातून जातो. लहान धंद्यात मला ही चाचणी 'किती वर्षांत वसूल' पेक्षा जास्त आवडते. आठ वर्षांनी काय होईल त्यापेक्षा या महिन्याच्या १० तारखेला खात्यात काय उरेल, हे आपल्याला जास्त छळतं.

जीएसटी परत मिळेल हा गैरसमज

"दादा, गाडी फर्मच्या नावावर घेतो, जीएसटी परत मिळेल ना?" नाही मिळणार. चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर इनपुट टॅक्स क्रेडिट कायद्यानेच अडवलेलं आहे. तुमचा धंदा प्रवासी वाहतुकीचा असेल, ड्रायव्हिंग स्कूल असेल किंवा गाड्यांच्याच विक्रीचा असेल, तर गोष्ट वेगळी. दुकानदार, ठेकेदार, क्लासवाले यांना ते क्रेडिट नाही. पेट्रोल तर जीएसटीच्या बाहेरच आहे, त्यामुळे तिथेही काही मिळायचं नाही.

आणि दर? २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, त्यापेक्षा मोठीला ४० टक्के. हायब्रिडलाही हीच रेघ. वर नावं घेतलेल्या तिन्ही गाड्या चार मीटरपेक्षा लांब, म्हणजे ४० टक्क्यांत. इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के. 'पर्यावरणपूरक आहे म्हणून सरकार सवलत देतं' हे वाक्य हायब्रिडला लावू नका. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, त्यावरचे हिंदी व्हिडिओ अजून फिरतात. ते बघून महाराष्ट्रातला हिशोब करू नका. आणखी एक, प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर गाडी घेत असाल तर आपल्याकडे रस्ता कर जास्त दराने लागतो. कोटेशन कोणाच्या नावावर काढलंय ते बघा.

घसारा मात्र मिळतो. धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीवर वर्षाला १५ टक्के, उरलेल्या किमतीवर. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा. फरकाच्या अडीच लाखांवर पहिल्या वर्षी ३७,५०० रुपये घसारा, तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर कर वाचला ७,५०० रुपये. पुढच्या वर्षी त्याहून कमी. पण तुम्ही अंदाजित नफ्याच्या योजनेत रिटर्न भरत असाल (आणि छोटे दुकानदार बरेच जण तसेच भरतात) तर घसारा वेगळा दाखवता येत नाही, तो त्या टक्केवारीतच धरलेला असतो. "टॅक्समध्ये सुटेल" हे वाक्य कोणाकडून ऐकलं की आधी आपल्या सीएला फोन करा.

कोल्हापूरचे भाऊ

आता त्यांचा हिशोब. महिन्याला ९०० किलोमीटर. त्यात इचलकरंजी, सांगली आणि महिन्यातून एकदा पुणे. शहरातलं फिरणं दुकान ते घर आणि थोडी वसुली. माझ्या अंदाजाने त्यांची बचत किलोमीटरला दीड रुपयाच्या पुढे जात नाही. महिन्याला १,३५० रुपये, वर्षाला १६,२००.

फरकाचे अडीच लाख ते कर्जात टाकणार नव्हते, दुकानाच्या करंट खात्यातून काढणार होते. त्यांच्या दृष्टीने हे शहाणपण होतं, कारण व्याज नाही. मी विचारलं, हे पैसे खात्यात कशासाठी आहेत? तर पाइपच्या होलसेलरला द्यायचे. तो ४५ दिवसांची उधारी देतो, रोख दिले तर २ टक्के सोडतो.

थांबा इथे. अडीच लाखांवर २ टक्के म्हणजे ५,००० रुपये. ४५ दिवसांचं चक्र वर्षात आठ वेळा फिरतं. वर्षाला ४०,००० रुपये, फक्त रोख दिल्याबद्दल, तेही माल एक रुपयानेही जास्त न विकता. तोच पैसा गाडीत टाकला तर वर्षाला १६,२०० वाचणार. शिवाय पावसाळ्यानंतर बांधकामं सुरू झाली की त्यांना माल भरायला रोख लागतेच. तेव्हा खातं रिकामं असेल तर ओव्हरड्राफ्ट काढावा लागेल, त्याचं व्याज वेगळं.

हा हिशोब प्रत्येकाला लागू होत नाही, हेही सांगतो. तुमचे पैसे नुसते एफडीत पडून असतील, ७ टक्क्यांनी, तर अडीच लाखांचे वर्षाला साडेसतरा हजार येतात. तेव्हा तुलना बरीच जवळ येते. पण ज्याच्या धंद्यात पैसा फिरतो त्याच्यासाठी दुकानातला पैसा सगळ्यात महाग पैसा असतो.

भाऊ थोडे नाराज झाले. म्हणाले, "घरच्यांना ती गाडी आवडलीय, आवाज नाही, हादरा नाही." त्यात काहीच चूक नाही. हायब्रिड खरंच शांत चालते, आणि माणसाने गाडी फक्त पैशासाठी घ्यावी असं मी कधी म्हणत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, की कर्जाने घेतलीत तर ५,१९० मधून १,३५० वजा करा, उरले ३,८४०. हे महिन्याचे ३,८४० रुपये घरखर्चाच्या वहीत लिहा, दुकानाच्या नको. घरच्या उत्पन्नात ते बसत असतील तर खुशाल घ्या. त्या महिन्याची ३१ तारखेची ऑफर त्यांनी सोडली. पुढे काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे.

कल्याणच्या ताई

ताई महिन्याला २,४०० किलोमीटर फिरतात. ठाणे, घोडबंदर, नवी मुंबई, कधी दादर. सगळा ट्रॅफिक. शिळफाट्याला अर्धा तास उभं राहणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. स्वतः चालवतात आणि क्लचला कंटाळल्यात, त्यामुळे ऑटोमॅटिकच हवी, हे आधीच ठरलेलं.

इथे हिशोबातली एक गोष्ट बदलते, आणि ती बरेच जण विसरतात. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच येते. मग ताईंनी तिची तुलना मॅन्युअलशी का करायची? त्या मॅन्युअल घेणारच नव्हत्या. पेट्रोल ऑटोमॅटिकशी तुलना केली तर त्यांच्या कोटेशनमध्ये फरक १ लाख ४० हजारांवर आला. ९ टक्के, पाच वर्षं: जास्तीचा हप्ता सुमारे २,९०६ रुपये. पेट्रोलची बचत २,४०० गुणिले २.७०, म्हणजे ६,४८० रुपये. हप्ता भरून महिन्याला साडेतीन हजारांहून थोडे जास्त हातात राहतात, पहिल्या महिन्यापासून.

सीएनजीचं विचारलं मी. कारण नुसत्या इंधनात सीएनजी हायब्रिडला हरवते. ८० रुपये किलो आणि २४ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला ३ रुपये ३३ पैसे. गाडीच्या किमतीतला फरकही कमी, तो ९५ हजार धरला तर तेवीस हजार किलोमीटरच्या आसपास वसूल. ज्याला मॅन्युअल चालते, पंप वाटेवर आहे आणि डिकीत सामान नाही, त्याने हायब्रिडच्या आधी सीएनजी बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ताईंच्या बाबतीत दोन गोष्टी आडव्या आल्या. त्यांनी पाहिलेल्या मॉडेलमध्ये सीएनजी फक्त मॅन्युअलमध्ये होती. आणि डिकीत त्यांची शटरच्या नमुन्यांची पेटी असते, ती सिलिंडरच्या टाकीबरोबर बसेना.

डिकी हायब्रिडमध्येही कमी होते बरं का. बॅटरी मागे असली की तळ वर येतो. ताईंनी शहाणपणा केला, नमुन्यांची पेटी आणि हँडल-बिजागऱ्यांचा खोका घेऊन शोरूमला गेल्या आणि डिकीत ठेवून बघितला. बसला. गाडी घेतली.

बॅटरी आणि पुढची विक्री

"बॅटरी गेली तर?" ही भीती सगळ्यांना असते. हायब्रिड बॅटरीवर या कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात. ताईंच्या रनिंगने १ लाख ६० हजार साडेपाच वर्षांत संपतील, आठ वर्षं नव्हेत. जास्त फिरणाऱ्यांनी किलोमीटरची अट वाचावी, वर्षांची नाही. बदलायची वेळ आली तर आजची किंमत काय, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. तोंडी आकडा नको.

आणि २०२२ मध्ये आलेल्या या गाड्यांची आठ वर्षं २०३० मध्ये भरतील. वॉरंटी संपलेली हायब्रिड सेकंडहँड बाजारात किती जाते, याचा भाव अजून ठरायचाय. म्हणून मी हिशोबात विकताना जास्तीचे पैसे मिळतील असं धरत नाही. मिळाले तर वरकमाई.

आता तुमची पाळी

पुढचे दोन महिने, आत्ता जी गाडी किंवा बाइक आहे तिच्यावर हे करा. टाकी फुल, मीटरचा आकडा वहीत. पुढच्या वेळी पुन्हा टाकी फुल, किती लिटर बसलं आणि किती किलोमीटर झाले ते लिहा. शेजारी एक रकाना: त्यातले शहरातले किती, हायवेचे किती. मग डीलरकडून दोन कोटेशन आणा, ज्या गाडीत तुम्ही खरोखर बसणार असता त्या पेट्रोल व्हेरिएंटचं आणि हायब्रिडचं, दोन्ही ऑन-रोड, एकाच नावावर. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका, संध्याकाळी सहा-सात वाजता तुमच्या रोजच्या रस्त्यावर मागा, आणि निघताना अ‍ॅव्हरेजचा मीटर शून्य करून घ्या.

चार आकडे हवेत मला: महिन्याचे शहरातले किलोमीटर, हायवेचे किलोमीटर, कोटेशनमधला फरक, आणि ते पैसे आत्ता धंद्यात कुठे आहेत. कमेंटमध्ये टाका. त्यातले चार-पाच हिशोब पुढच्या रविवारच्या लाइव्हमध्ये बोर्डवर सोडवू. टेम्पोवाल्यांनी जरा थांबा, मालवाहू गाडीला जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तुमचं गणित वेगळं आहे आणि त्याचा व्हिडिओ त्याच्या नंतर येतोय.